बेचाळीस वर्षांचं बूच

कारेघाटात कुणी नळ चालू ठेवून गेलं, किंवा गाडीची किल्ली गाडीलाच विसरलं, की लोक हसून म्हणायचे, "मकबूल झालास का रे?" ज्यांच्या नावानं हे चालायचं ते मकबूलमियाँ बसथांब्यासमोर पंक्चर काढायचे. आणि गंमत अशी, की त्यांच्याइतका सावध माणूस अख्ख्या बिलोली तालुक्यात शोधून सापडला नसता. ठिगळ लावलेली ट्यूब ते पाण्याच्या घमेल्यात एकदा नाही, तीनदा बुडवून बघायचे. गिऱ्हाईक कंटाळून समोर चहा पिऊन यायचं, तरी यांचं बुडवणं संपलेलं नसायचं.

त्याला कारण होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी मकबूलमियाँ पंक्चरवाले नव्हते, घाटावरच्या लोखंडी नावेचे नावाडी होते. माणसं, शेळ्या, सायकली, सगळं गोदावरीच्या या काठावरून त्या काठाला तेच न्यायचे. एका मे महिन्यात गावातल्या गुऱ्हाळवाल्या किशनरावांच्या बहिणीचं, विठाबाईचं लग्न लागलं आणि दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी रुखवतासकट नावेत बसून पलीकडे निघाली. काठापासून वीस हातांवर नाव कलंडली. पाणी छातीएवढंच होतं, म्हणून सगळे ओलेचिंब पण धडधाकट बाहेर आले. नाव मात्र रुखवत पोटात घेऊन वाहत गेली आणि खालच्या डोहात बुडाली.

आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झाला होता. नावेत साठलेलं पाणी काढायला मकबूलमियाँनी सकाळी तळाचं बूच उघडलं, हे घाटावरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. परत लावताना कुणीच पाहिलं नाही. मग काय, काठावर धोतरं पिळता पिळता कुणीतरी म्हणालं, हा बूच लावायलाच विसरला. ते गावाला असं चिकटलं की निघेच ना. मकबूलमियाँनी वल्हं ठेवलं ते ठेवलंच. पुढे पूल झाला, नाव लागेनाशी झाली, पण बूच काही गावाच्या तोंडातून गेलं नाही. किशनराव तर मोटारसायकल घेऊन पंक्चरला आले की उतरायच्या आधी विचारायचे, "मकबूल, बूच लावलास का?" मकबूलमियाँ हसायचे. छोटंसं, ओठांच्या एका कोपऱ्यातलं हसू. सवयीचं.

मुबश्शिरा ही त्यांची नात. आता जूनपासून दहावीत जाणार होती, आणि या उन्हाळ्यात जरा जास्तच ताठ चालत होती, कारण तिला पोहायला यायला लागलं होतं. किशनरावांच्या विहिरीत, किशनरावांच्याच नातीनं, म्हणजे दीपमालानं तिला शिकवलं होतं. पाठीला तेलाचे दोन रिकामे कॅन बांधून सुरुवात झाली, पाचव्या दिवशी एक कॅन सुटला, नवव्या दिवशी दुसरा. दहाव्या दिवशी मुबश्शिरानं विहिरीच्या काठावरून उडी मारली आणि वर येऊन पाहिलं तर दीपमाला घाबरून पाण्यात उतरलेली. तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगत सुटली होती. पंक्चरला आलेल्या अनोळखी ट्रकवाल्यालासुद्धा तिनं सांगितलं. तो तेलंगणाचा होता, त्याला मराठी फारसं कळत नव्हतं, तरी त्यानं मान डोलावली.

तशात ग्रामपंचायतीला पुराच्या वेळेसाठी नवी नारिंगी बोट मिळाली. ती चालवायला गावातली दहा पोरं-पोरी शिकवून तयार करायची होती. ग्रामसभेत सरपंचबाईंनी विचारलं, कोण कोण तयार आहे, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मुबश्शिराचा हात वर गेला.

मागून कुणीतरी म्हणालं, "मकबूलमियाँची नात? आधी बूच बघून घ्या, बाई."

सगळी सभा हसली. मुबश्शिराला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दाराशी उभे असलेले दादाजानसुद्धा हसले होते. तेच, एका कोपऱ्यातलं हसू. सरपंचबाई म्हणाल्या, नावं रविवारी पक्की करू, बघू. त्या 'बघू'मध्ये काय होतं ते मुबश्शिराला बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गिऱ्हाईक नसताना तिनं सरळच विचारलं. आजवर घरात हे कुणी विचारलं नव्हतं.

"दादाजान, बूच लावलं होतं का?"

मकबूलमियाँ पान्हे पुसत होते. ते पुसतच म्हणाले, "लावलो होतो."

मग एक पान्हा खिळ्याला टांगून म्हणाले, "दाखवू कुणाला? ते तर नावेबरोबर गेलं."

हे झालं गुरुवारी. त्याच आठवड्यात खालच्या बंधाऱ्याची दारं दुरुस्तीसाठी उघडली होती आणि नदी रोज हातभर उतरत होती. शुक्रवारी सकाळी दीपमाला धापा टाकत आली. डोहात नाव दिसून राहिली, म्हणाली.

खरंच दिसत होती. डोहाच्या मध्यावर, खडकाला टेकून, गंजून लाल झालेली नाव एका अंगावर कलंडून पडली होती. काठावर पोरासोरांची जत्रा जमली होती. पण काठावरून दिसायचं ते नावेचं उघडं पोट, त्यात भरलेली वाळू आणि त्यावर बसलेले दोन बगळे. तिची पाठ, म्हणजे जिथं बूच असायचं तो तळ, पलीकडच्या खोल पाण्याकडे वळलेला होता. मुबश्शिरानं डोळ्यांवर हात धरून बघितलं, चवड्यांवर उभं राहून बघितलं, बाभळीवर चढूनही बघितलं. तळ काही दिसेना. आणि रविवारी बंधाऱ्याची दारं परत लागणार होती.

"वळसा घालून जावं लागंल," ती बाभळीवरूनच म्हणाली.

"कशात बसून?" दीपमालानं विचारलं. नारिंगी बोट कुलपात होती आणि किल्ली सरपंचबाईंकडे. मग दीपमालाच्याच डोळ्यांत काहीतरी चमकलं. किशनरावांचं गुऱ्हाळ बंद होऊन वर्षं झाली, पण गूळ कढवायची भलीमोठी लोखंडी कढई अजून गोठ्यामागे उपडी पडलेली होती. पुरात वेढलेल्या वस्तीवर गावानं तिच्यातूनच भाकऱ्या पोचवल्या होत्या. पूर नसताना ती न्यायला कुणाला विचारायचं हा प्रश्न दोघींनी सोडवला नाही, टाळला. दोघींनी पाठीला तेलाचे कॅन बांधले, गूळ हलवायची दोन लांब लाकडी फावडी घेतली आणि कढई नदीपर्यंत चाकासारखी गरगर लोटत नेली.

पाण्यातही ती गरगरच फिरली. कढईला पुढचं तोंड नसतं, मागची बाजू नसते. मुबश्शिरानं फावडं मारलं की ती डावीकडे गोल फिरायची, दीपमालानं मारलं की उजवीकडे. दोघींनी एकदम मारलं की जागच्या जागी डोलायची. काठावरचे लोक एकदा दिसायचे, एकदा मागे जायचे, परत दिसायचे. दीपमाला म्हणाली, ही जत्रेतल्या पाळण्याहून भारी हाय, आणि पैसेबी पडत न्हाईत. हसून हसून दोघींच्या हातातली ताकद गेली. शेवटी मुबश्शिराला युक्ती सुचली. एकीनं मारायचं, मोजून तीन, मग दुसरीनं तीन. तशी कढई नागमोडी का होईना, पुढं सरकायला लागली.

बगळे उडाले. नावेच्या जवळ आल्यावर दोघींनी फावडी आत घेतली. लोखंडाला हिरवं शेवाळ धरलं होतं, फटीफटीत शिंपले चिकटले होते आणि आतल्या वाळूतून एका मोठ्या पितळी पातेल्याचा काठ वर आला होता. मुबश्शिरानं हात लांबवून वाळू पुसली. काठावर कोरलेलं नाव होतं, चि. सौ. कां. विठाबाई हिस, मामांकडून. दीपमालानं तोंडावर हात ठेवला. तिची आत्याआजी आजही सासरी सांगायची की माझं रुखवत असं होतं न् तसं होतं, आणि तिकडचे ऐकून घ्यायचे.

मग त्यांनी खडकाला धरून धरून वळसा घातला. तळ समोर आला. मुबश्शिरा शेवाळावरून हात फिरवत मागच्या टोकाकडे सरकत गेली. बोटाला काहीतरी लागलं. तिनं ओढणीच्या टोकानं घासलं.

लाकूड. बाभळीचं, काळं पडलेलं, अंगठ्याएवढं बाहेर आलेलं. त्याच्याभोवती सायकलच्या ट्यूबचं काळं रबर, आणि रबरावर तांब्याच्या तारेचे चार वेढे, हिरवे झालेले.

बूच लावलेलं होतं. बेचाळीस वर्षं ते आपल्या जागी गच्च बसलेलं होतं.

मुबश्शिरा अशी ओरडली की कढई अर्धा गोल फिरली. मग तिनं ते टोक चिमटीत धरलं. हे काढायचं, गावात न्यायचं, ग्रामसभेत टेबलावर ठेवायचं, मग बघू कोण हसतंय.

"थांब," दीपमाला म्हणाली. "काढलीस तर लावलेलं होतं हे कुणाला दिसंल?"

मुबश्शिराचा हात तिथंच थांबला. बरोबरच होतं. हातात घेऊन दाखवलेलं बूच म्हणजे न लावलेलं बूच. लोक म्हणतील, हे तर वाळूत पडलेलं सापडलं असंल. बूच होतं तिथंच राहायला हवं होतं, आणि बघणाऱ्यानं इथं यायला हवं होतं. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतल्या मोबाईलमधून फोटो काढले, पण पिशवीला आतून वाफ धरली होती.

किशनरावांनी ओसरीवर बसून ते फोटो बघितले. मोबाईल लांब धरला, जवळ धरला, उलटा केला, आणि म्हणाले, हे मला गुळाच्या ढेपेवर बसलेल्या मुंगळ्यासारखं दिसून राहिलं. कढई विचारल्याशिवाय नेल्याबद्दल नातीला दोन शब्द सुनावले. पातेल्यावरचं नाव ऐकून मात्र ते जरा दचकले. आणखी काय दिसलं आत, असं त्यांनी दोनदा विचारलं. मुबश्शिराला वाटलं, बहिणीच्या आठवणीनं विचारतात.

"आबा, तुमच्याच डोळ्यानं बघा," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं तुम्ही विचारून राहिलात, बूच लावलास का. आता उत्तर बघायला चला की."

किशनरावांनी कंबर दुखते असं सांगितलं, ऊन आहे असं सांगितलं. दीपमाला म्हणाली, मग मी गावभर सांगते, आबा पाण्याला भेतात. ते उठले. पण पोरींच्या हाती मी जीव देणार न्हाई, म्हणाले, धड नावाडी पाहिजे.

धड नावाडी गावात एकच होता.

मकबूलमियाँ एका स्कूटीची ट्यूब घमेल्यात बुडवत होते. मुबश्शिरानं एका दमात सगळं सांगितलं. कढईचं ऐकताना त्यांच्या भुवया चढल्या, ते रागावायच्या बेतात होते. मग एकदम त्यांनी विचारलं, "रबर होतं?"

"होतं. वर तांब्याची तार. चार वेढे."

"चारच," मकबूलमियाँ म्हणाले. दोनदा बुडवलेली ट्यूब त्यांनी तशीच गिऱ्हाइकाच्या हातात दिली. तिसऱ्यांदा बुडवलीच नाही. दुकानाचं शटर ओढलं आणि चालायला लागले.

नदीवर त्यांनी आधी कढई उन्हात धरून तिचा तळ बघितला, बोटांनी चाचपला, मग तिच्यात पाणी ओतून खालून बघितलं. मग किशनरावांकडे वळले.

"वजन किती तुझं? खरं सांग."

"सत्तर," किशनराव म्हणाले.

"ब्याऐंशी," दीपमाला म्हणाली. "परवाच दवाखान्यात केलं."

मकबूलमियाँनी तिला काठावरच थांबायला सांगितलं. मधोमध किशनराव, दोन बाजूंना फावडी घेऊन आजोबा आणि नात. मुबश्शिराला वाटलं होतं, दादाजान आता वल्हवणं विसरले असतील. तसलं काही झालं नाही. त्यांनी फावडं पाण्यात तिरपं घातलं, मनगटानं हलकंसं वळवलं आणि तीच कढई, सकाळी भोवऱ्यासारखी फिरणारी, डोहाकडे सरळ निघाली. मुबश्शिरा त्यांच्या मनगटाकडे बघत राहिली. मग तिनंही तसं करून बघितलं. चौथ्यांदा जमलं. दादाजान फक्त "हां" म्हणाले, आणि ते 'हां' तिला नववीच्या निकालापेक्षा गोड वाटलं.

तळापाशी आल्यावर किशनरावांनी चष्मा पुसून बूच बघितलं. हात लावून बघितलं. हलवून बघितलं. हललं नाही. मकबूलमियाँनी मात्र हात लावला नाही. लांबूनच बघितलं, जसं दुसऱ्याच्या घरी दिलेल्या लेकीला बघतात तसं, आणि डोळे नदीच्या पाण्यानं पुसले, तरी ते कोरडे होईनात.

आता किशनराव हसतील, पाठीवर थाप मारतील, म्हणतील, चल बाबा, जिंकलास, असं मुबश्शिराला वाटत होतं. ते हसले नाहीत. पुढच्या बाजूनं घ्या म्हणाले. वळसा घालून नावेच्या पोटाकडे आल्यावर ते पातेल्याकडे नाही, त्याच्या पलीकडे बघत होते. तिथं, उजव्या अंगाला, वाळूतून एका गोल दगडाची कड वर आली होती. मध्ये खुंट्याचं भोक.

"जातं हाय ते," किशनराव म्हणाले. "दगडी. वडील म्हणले होते, जातं नावेत चढवू नका, बैलगाडीनं लांबून पाठवा. मला पाहुण्यांपुढं थाट करायचा होता. सतरंजीखाली झाकून मीच चढवलो. तेबी उजवीकडं. पलीकडं उतरताना सतरंजी ओढली की विहीणबाईच्या डोळ्यापुढं दिसलं पाहिजे म्हणून. आणि विहीणबाई न् तिची सगळी माणसं, मानाची बाजू म्हणून, उजवीकडंच बसली." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "तू विचारलास, वजन किती. मी म्हणलो, नुसती भांडी हायत, हलकी हायत."

कढई सावकाश डोलत होती.

"काठावर बुचाचं म्हणलं ते कोण?" मकबूलमियाँनी विचारलं.

"मीच. वडलांनी विचारलं कसं बुडाली, तर तोंडात जे आलं ते बोललो. मग लोक हसले. मग मीबी हसलो. मग ते सुटलंच न्हाई बघ."

मुबश्शिराला इतका राग आला की फावडं पाण्याऐवजी आबांच्या पाठीत घालावंसं वाटलं. तिनं दादाजानकडे बघितलं. ते त्या दगडाकडे बघत होते. मग म्हणाले, "बेचाळीस वर्षं मी रोज सकाळी मनात ते बूच लावून बघतो. लावलो होतो का न्हाई, मलाच कळंना गेलं होतं."

काहीतरी करावं म्हणून किशनरावांनी जात्याच्या कडेला हात घातला. विठाला नेऊन देतो म्हणाले, आपण तिघं मिळून उचलू, हलकं हा... आणि तिथंच अडकले.

"न्हाई," मकबूलमियाँ म्हणाले. "माझ्या नावेत न्हाई."

त्यांनी ते असं म्हटलं की किशनरावांनी हात काढून घेतला. पातेलं तेवढं घेतलं, तेही मकबूलमियाँनी आधी दोन्ही हातांनी तोलून बघितल्यावर.

परत येताना काठावर निम्मा गाव जमलेला होता. सरपंचबाईही छत्री घेऊन उभ्या होत्या. दहा-पंधरा हात उरले असतील, तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मकबूलमियाँ, आज काय विसरलात?"

मुबश्शिरानं चटकन दादाजानच्या तोंडाकडे बघितलं. ओठाचा तो कोपरा हलायला लागला होता.

पण किशनरावांना राहवलं नाही. "अरे, तो काही विसरला नव्हता," म्हणत ते ताडकन उभे राहिले, हात वर करून, सगळे ब्याऐंशी किलो. मकबूलमियाँ "बस, किशन" म्हणाले, पण कढई तोवर उजवीकडे गेली होती. आधी पातेलं, मग किशनराव, मग मकबूलमियाँ, मग मुबश्शिरा, मग फावडी.

मुबश्शिरा वर आली तेव्हा किशनराव तोंडात पाणी घेऊन हात-पाय झाडत होते. तिनं विहिरीत शिकल्याप्रमाणे मागून त्यांच्या काखेत हात घातले, डोकं वर धरलं आणि म्हणाली, "आबा, पाय खाली टेकवा. जमीन हाय." त्यांनी टेकवले. पाणी छातीएवढंच होतं. दादाजान आधीच उभे होते, दाढीतून पाणी गळत होतं. रिकामी कढई गरगरत डोहाच्या दिशेनं निघाली होती.

काठावरून एक म्हातारा म्हणाला, आता कढई कुणी बुडवली?

"मी," किशनराव म्हणाले. "मी उभा राहिलो. आणि नावबी मीच बुडवलो. बूच लावलेलं हाय, आत्ता बघून आलो. ऐका आता सगळं."

आणि ते पाण्यातच उभं राहून, पागोट्याचं टोक पिळत, जात्यापासून सांगायला लागले. विहीणबाईच्या मानापर्यंत पोचले तेव्हा काठावर हशा उसळला, आणि या वेळी मकबूलमियाँ हसले. तोंड उघडून, खांदे हलवून, खोकला येईपर्यंत. मुबश्शिरानं दादाजानचे मागचे दोन पडलेले दात पहिल्यांदाच पाहिले.

सरपंचबाईंनी रविवारची वाट बघितली नाही. तिथंच कुणाचंतरी पेन घेतलं आणि विचारलं, नाव कसं लिहायचं गं तुझं? मुबश्शिरानं सांगितलं, श ला श जोडून. मग जरा थांबून म्हणाली, बाई, शिकवायला दादाजानचं पण नाव लिहा. ते वजन विचारल्याशिवाय कुणाला बसू देत न्हाईत.

दीपमाला तोवर पातेलं छातीशी धरून, गुडघाभर पाण्यातून ओरडत होती, की कुणीतरी ती कढई धरा.